‘किक द बकेट’ सांत्वनपत्रात चालत नाही

शाळेच्या गाइडमध्ये इंग्रजी वाक्प्रचार, पुढे त्याचा अर्थ आणि खाली ‘वाक्यात उपयोग करा’. अर्थ पाठ झाला की वाक्प्रचार आला, हा समज तिथेच पक्का होतो. ‘किक द बकेट’ घ्या. अर्थ मरणे, हे खरे. पण त्याचा सूर आपल्या ‘गचकणे’चा आहे. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ मध्ये तो नोंदवला, तोही बाजारू बोलीच्या कोशात. ‘तुमचे वडील गचकल्याचे कळले’ असे सांत्वनपत्रात कोणी लिहील का? इंग्रजीतही तिथे ‘पास्ड अवे’ किंवा साधे ‘डाइड’च हवे.

वाक्प्रचाराचे वाक्य हवे तसे फिरवता येते, हा दुसरा गैरसमज. काळ बदलून ‘किक्ड द बकेट’ चालते. पण ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटले, की कोणी मरत नाही, कोणीतरी खरोखरची बादली लाथाडलेली असते. मराठीतही ‘त्याने हात टेकले’ म्हणजे हार मानली. ‘त्याच्याकडून हात टेकले गेले’ म्हणताच ती हार निसटते. मात्र ‘स्पिल द बीन्स’, म्हणजे गुपित फोडणे, ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ असे फिरवले तरी टिकते. तिथे बीन्स म्हणजे गुपित आणि सांडणे म्हणजे फोडणे, अशी जोडी लागते. बादलीची कशाशीच जोडी लागत नाही.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे मुसळधार पाऊस पडणे, याबद्दल एक गोष्ट सांगतात: पावसात गवती छपरांवरून कुत्री-मांजरे घसरून खाली पडत. ती इंटरनेटवरून फार पसरली, पण तिला पुरावा नाही. शिवाय मुसळधार पावसात आजचा इंग्रज सहसा ‘इट्स पोअरिंग’ एवढेच म्हणतो.

आपल्याकडचा ‘पास आउट’ तर थेट घोटाळा करतो. ‘आय पास्ड आउट इन २०१५’ म्हणजे आपल्या लेखी पदवी मिळाली. लंडनच्या माणसाच्या लेखी शुद्ध हरपली. खडकवासल्याच्या एनडीएतली ‘पासिंग आउट परेड’ मात्र बरोबर आहे, तो लष्करातला रूढ ब्रिटिश वापर आहे. परदेशी नोकरीच्या अर्जात ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. आणि नवा वाक्प्रचार कोशात पाहाल, तेव्हा अर्थाशेजारी ‘इन्फॉर्मल’ असा शेरा आहे का, ते आधी वाचा.