विलायतेची सहल कशी आखावी

युरोपातील मोठी शहरे पाहण्यास जायचे तर आरंभ कोठून करावा, हा प्रश्न मुलुंड-भांडुपपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत हल्ली मला वारंवार विचारला जातो. कामगार चळवळीतल्या माणसाला हा प्रश्न कशाला, असे कोणी म्हणेल. पण विचारणारे बहुधा आमचेच सभासद असतात. तीस-पस्तीस वर्षे पाळीवर काढून माणूस निवृत्त होतो, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येते, मुले कमावती झालेली असतात, आणि पत्नी म्हणते, ‘आयुष्यभर कुर्ला आणि ठाणे केले, आता एकदा तरी विमानात बसू.’ ही इच्छा चैनीची आहे असे मी मानीत नाही. मात्र ही रक्कम पुन्हा मिळणारी नसते. तेव्हा ती कशी खर्चावी याचा विचार मागणीपत्र तयार करताना करतो तितक्याच बारकाईने झाला पाहिजे.

माझे पहिले सांगणे असे की, एक देश निवडा. दहा दिवसांत सात देश दाखविणाऱ्या सहली निघतात आणि त्यांना गर्दीही असते. त्यांची निंदा करण्याचे मला कारण नाही. ज्यांना भाषेची धास्ती आहे, गुडघे दुखतात, रात्री वरण-भात मिळाल्याशिवाय झोप येत नाही, त्यांच्यासाठी ती मोठीच सोय आहे. पण हिशेब मांडून पाहा. त्यातील किती तास बसमध्ये जातात, किती सामान बांधण्यासोडण्यात, आणि शहराच्या रस्त्यावर पायी फिरण्यास किती उरतात? माझ्या ओळखीचे एक फिटर अशा सहलीहून परतले. काय पाहिले असे विचारता त्यांनी मोबाईलमधले फोटो काढले, आणि कोणता मनोरा कोणत्या गावचा यावर नवराबायकोचे एकमत होईना.

एक देश म्हटल्यावर मी इंग्लंड सुचवितो. कारणे दोन. थोडीफार मोडकीतोडकी इंग्रजी आपल्यापैकी पुष्कळांना येते, म्हणजे वाट विचारता येते. दुसरे कारण मोठे आहे. मुंबईच्या कामगाराचा इतिहास अर्धा परळ-लालबागेत आहे आणि अर्धा मँचेस्टरच्या परिसरात. तो उरलेला अर्धा भाग पाहून यावा.

आता कागदपत्रांकडे वळू. फ्रान्स, जर्मनी, इटली इत्यादी २९ देशांना मिळून शेंगेन नावाचा एकच व्हिसा चालतो. ब्रिटन त्यात नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. अर्ज इंटरनेटवर भरायचा, मग केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यायचे. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयास साधारण तीन आठवडे लागतात. तथापि उन्हाळ्यात गर्दी असते, म्हणून शेवटच्या महिन्यावर विसंबू नये. फी बदलत राहते, ती ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच पाहावी, दलालाच्या तोंडून ऐकू नये.

यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आमच्या वस्तीत तिच्यात फार लोक अडकतात. खात्यात शिल्लक कमी दिसते म्हणून भावाकडून, मेहुण्याकडून चारपाच लाख आणून भरायचे, व्हिसा मिळाला की परत करायचे, असा सल्ला दिला जातो. अर्ज तपासणारा अधिकारी नेमके हेच पाहतो. महिन्याला ठरावीक रक्कम येणाऱ्या खात्यात एकाएकी मोठी रक्कम आली की तो तिचा उगम विचारतो, आणि उत्तर नसले तर अर्ज फेटाळतो. फीदेखील परत मिळत नाही. निवृत्तीची खरीच रक्कम आली असेल तर कंपनीचे हिशेबपत्र आणि निधीचा उतारा सोबत जोडावा. आपल्या कष्टाच्या पैशाला लाजण्याचे कारण नाही. फक्त तो कोठून आला ते कागदावर दिसले पाहिजे.

कधी जावे? मे-जूनमध्ये. जूनमध्ये लंडनला रात्री नऊ वाजताही उजेड असतो, आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार पडतो. त्याच पैशात जवळजवळ दुप्पट दिवस पदरात पडतो, हा हिशेब कोणालाही समजेल. शाळांच्या जुलै-ऑगस्टच्या सुटीत राहण्याचे दर चढतात. छत्री आणि स्वेटर मात्र जूनमध्येही लागतात.

बारा दिवसांची सहल धरली तर लंडनला सहा-सात दिवस द्यावेत आणि उरलेले मँचेस्टरला मुक्काम ठोकून काढावेत. रोज गाव बदलू नये. लंडनमध्ये हॉटेल शहराच्या ऐन मध्यात घेण्याचा हट्टही नको. आपण उपनगरातली माणसे आहोत. स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहणे आणि गाडीने शहरात जाणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. तिथल्या भुयारी रेल्वेचा पहिला टप्पा १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाला. आपली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवावे लागते. एका दिवसात ठरावीक मर्यादेपलीकडे भाडे कापले जात नाही, मात्र दिवसभर तेच कार्ड वापरले पाहिजे, आणि नवराबायकोची कार्डे वेगवेगळी हवीत.

पैसे वाचविण्याचा सर्वांत मोठा मार्ग असा की, तिथली राष्ट्रीय संग्रहालये विनामूल्य आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, विज्ञान संग्रहालय, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही सारी. टॉवर ऑफ लंडन किंवा वेस्टमिन्स्टर ॲबी यांना तिकीट आहे आणि ते जबर आहे. दोहोंपैकी एक निवडावे. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीची संगमरवरासारखी शिल्पे जरूर पाहावीत. ही अमरावती आंध्रातली, आपल्या वऱ्हाडातली नव्हे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वाघनखे पाहू असे ज्यांच्या मनात असेल त्यांना सांगतो की, ती २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यास आली. ती महाराजांनी वापरलेलीच काय, याची खात्री त्या संग्रहालयानेही दिलेली नाही. तेव्हा त्यासाठी म्हणून तिकीट काढण्याआधी ती सध्या कोठे आहेत ते पाहावे.

लंडनमध्ये एक दिवस आपल्या माणसांसाठी राखून ठेवा. तो नॉर्दर्न नावाच्या भुयारी मार्गावर नीट बसतो. चॉक फार्म स्टेशनला उतरून चालत गेले की १०, किंग हेन्रीज रोड हे घर लागते. १९२१-२२ मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले. स्मारक शांत निवासी वस्तीत आहे. पुढे-मागे परवानगीचे वादही झाले, म्हणून उघडे असण्याच्या वेळा पाहून जावे आणि दाराबाहेर मोठ्याने बोलू नये. येथून कॅम्डेन टाउनला परत यायचे आणि गाडी बदलायची. आपल्याकडे कल्याणला कर्जत आणि कसारा असे फाटे फुटतात, तसे तिथे कॅम्डेन टाउनला फुटतात. चुकीच्या फाट्यावर बसलात तर आंबिवलीऐवजी अंबरनाथ. दुसऱ्या फाट्यावर आर्चवे स्टेशन आहे. तेथून टेकडी चढून हायगेटची दफनभूमी. कार्ल मार्क्स १४ मार्च १८८३ रोजी वारले. त्यांच्या डोक्याचा तो भव्य पुतळा मात्र १९५६ चा. खासगी मालमत्तेविरुद्ध जन्मभर लिहिणाऱ्या माणसाच्या समाधीला तिकीट आहे, याचे मला नेहमी हसू येते. पण पैसे दफनभूमीच्या देखभालीस लागतात, सबब ते द्यावेत. जवळच ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे १९०५ साली श्यामजी कृष्णवर्मांनी उघडलेले इंडिया हाउस; स्वातंत्र्यवीर सावरकर येथे राहत. घर खासगी आहे, पाटी बाहेरून वाचावी. आंबेडकर, मार्क्स आणि सावरकर अर्ध्या दिवसात भेटतात. त्यांचे आपसात पटले असते की नाही, तो वाद परतीच्या गाडीत घालावा.

लोकमान्यांचे घर शहराच्या दुसऱ्या भागात, १०, हाउली प्लेस येथे आहे. जवळचे स्टेशन वॉरिक ॲव्हेन्यू. चिरोलवरील खटल्यासाठी ते १९१८ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी परतले. ज्यांच्या शिक्षेविरुद्ध १९०८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, त्या टिळकांनी लंडनच्या मुक्कामात मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी स्नेह जोडला होता.

मँचेस्टरची गाडी युस्टन स्टेशनातून सुटते आणि दोन तासांहून थोड्या अधिक वेळात पोचते. आयत्या वेळी तिकीट काढाल तर विमानाइतके पैसे पडतील. तेच तिकीट काही आठवडे आधी, ठरावीक गाडीचे म्हणून घेतले तर पुष्कळ स्वस्त मिळते. पण मग तीच गाडी पकडावी लागते. युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी खाणावळी आहेत. तेथे पोट भरून गाडीत बसावे.

मँचेस्टर हे पर्यटकांचे लाडके शहर नाही, आणि सहलीवाले ते बहुधा वगळतात. मला मात्र ते लंडनहून महत्त्वाचे वाटते. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये कंपनी काढून ताडदेवला पहिली कापड गिरणी उभारली. तेव्हापासून मुंबईच्या गिरण्यांची यंत्रे बव्हंशी याच परिसरातून येत. शेजारच्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीचे नाव आपल्या जुन्या साच्यांवर कोरलेले असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस बंद झाला. मुंबईत त्यामुळे सोन्याचा पाऊस पडला, शेअरचा जुगार माजला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सारे कोसळले, हे आपण वाचलेले असते. त्याच वर्षांत लँकेशायरच्या गिरण्या बंद पडून लाखो कामगार उपाशी होते, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. आणि तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी डिसेंबर १८६२ मध्ये सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यास उत्तर दिले. त्यातील मजकूर शहरात उभ्या असलेल्या त्याच्या पुतळ्याखाली कोरला आहे. तो पुतळा पाहण्यास पैसे पडत नाहीत.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर भाबडेपणा होईल. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला, त्यामागे लँकेशायरच्या मालकांचा रेटा होता. मुंबईचा माल त्यांच्या मालाशी स्पर्धा करू लागला, तेव्हा त्यांना आमच्या बालमजुरांची दया आली. आठवड्याची सुटी मात्र त्या कायद्याने आली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० मध्ये रविवार मोकळा मिळाला.

शहरात पीपल्स हिस्टरी म्युझियम आहे. कामगार संघटनांचे रंगीत रेशमी झेंडे तेथे पाहावेत. १६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागण्यासाठी सुमारे ६० हजार माणसे जमली. त्यांच्यावर घोडेस्वार घातले गेले, अठराच्या आसपास माणसे मेली. या पीटरलूच्या हत्याकांडाचे स्मारक व्हायला २०१९ साल उजाडले. चेथम्स वाचनालय १६५३ पासूनचे आहे. १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स ज्या खिडकीपाशी वाचीत बसत, ती जागा तेथे दाखवितात. आत सोडतात ते वेळ ठरवून, म्हणून मुंबईतूनच जागा राखून ठेवावी. माझे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयांत अधिक झाले, त्यामुळे हे स्थळ माझ्या यादीत अंमळ वर आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

लिव्हरपूल येथून तासाभराच्या आत आहे. १५ सप्टेंबर १८३० रोजी याच मार्गावर आगगाडी सुरू झाली आणि उद्घाटनाच्या दिवशीच हस्किसन नावाचे खासदार इंजिनाखाली सापडून दगावले. बोरीबंदर-ठाणे गाडी तिच्यानंतर तेवीस वर्षांनी धावली. लिव्हरपूलची गोदी पाहावी. गुलामगिरीचे संग्रहालय २०२५ च्या आरंभी नूतनीकरणासाठी बंद झाले; उघडले की नाही ते विचारून निघावे.

राहिलेला एक दिवस रॉचडेलला द्या. मँचेस्टरहून ट्राम जाते. तेथे टोड लेनवर १८४४ च्या डिसेंबरात अठ्ठावीस जणांनी पैपैसा जमवून लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या विकणारे दुकान उघडले. माल भेसळीचा नाही, उधारी नाही, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. जगभरच्या ग्राहक सहकारी संस्था आपली वंशावळ या दुकानापर्यंत नेतात. १९४८ साली नायगावच्या कामगारांतून निघालेला आपला अपना बाजारही त्याच गोत्रातला. दुकान आता संग्रहालय आहे आणि खोली एवढीशी आहे की अर्ध्या तासात पाहून होते. आठवड्याचे काही दिवस ते बंद असते. म्हणून बारा दिवसांचे वेळापत्रक मांडताना रॉचडेलचा वार आधी ठरवावा, आणि बाकीचे दिवस त्याच्याभोवती बसवावेत.