कंपाइलचा वेळ जातो कुठं?

लातूरच्या डाळमिलवाल्याला विचारा, तूर भरडायला किती वेळ लागतो? तो हसेल. भरडणं झटपट उरकतं. जुन्या पद्धतीत दिवस जातात ते तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवण्यात.

सी प्लस प्लसचंही तेच. नांदेडला विष्णुपुरीतल्या एसजीजीएस इंजिनीअरिंग कॉलेजात काय किंवा दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये काय, पोरं दहा ओळींचा प्रोग्राम लिहितात, वर आयओस्ट्रीम हेडर जोडतात. प्रीप्रोसेसर त्याच्या २०,००० हून जास्त ओळी करतो! आणि फाइली पन्नास असतील तर हे वाळवण पन्नासदा. पुढं टेम्प्लेट, ऑप्टिमायझेशन, लिंकिंग आहेच.

लगेच रॅम वाढवायला धावू नका, आधी मोजा. जीसीसी कंपाइलरला 'एफटाइम-रिपोर्ट' पर्याय दिला की टप्प्याटप्प्याचा हिशेब छापून येतो. मला जास्त आवडतो तो क्लँग कंपाइलरचा 'एफटाइम-ट्रेस', २०१९ च्या ९ व्या आवृत्तीपासूनचा. त्याची फाइल क्रोमच्या ट्रेसिंग पानावर उघडा, वेळखाऊ हेडर आडव्या लांब पट्टीसारखं समोर पडलेलं दिसतं.

जीसीसीच्या पोटात शिरायचंच असेल, तर आयआयटी मुंबईच्या प्रा. उदय खेडकरांची त्यावरची व्याख्यानं शोधा.