वाढत्या मापाचं हेल्मेट

पोराला आज नेमकं बसेल असं काही विकत घ्यायची आमच्याकडं रीत नाही. गणवेश वाढत्या अंगाचा, चप्पल बोटभर मोठी आणि स्वेटर असा, की थोरल्यानंतर तो धाकट्यालाही जावा. कापूस-सोयाबीनच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या घराला दर जूनला नवं माप परवडत नाही. शिंपी न विचारताच शिलाईत दोन बोटं माया ठेवतो. परभणी जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं हे शहाणपण आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त हेल्मेटपाशी ते उलटतं.

परभणी शहरातल्या एका सायकलच्या दुकानात मी अधूनमधून जाऊन बसतो. एकेकाळी तिथं पंक्चर आणि ओव्हरहॉलिंग एवढंच काम चालायचं. आता गिअरच्या सायकली आल्यात. रविवारी पहाटे जिंतूरमार्गे येलदरीच्या धरणाकडं निघणारी पोरं गिऱ्हाईक झालीत. त्यांतली काही 'ब्रेव्हे' म्हणतात त्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला जातात. तिथं २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात, आणि हेल्मेटशिवाय सायकलवर बसायची परवानगी नसते. या पोरांमुळं दुकानदार हेल्मेट ठेवायला लागला आणि ठेवता ठेवता बसवायलाही शिकला. हेल्मेट विकणारे पुष्कळ आहेत. डोकं मोजून बसवून देणारा मी तरी इथं दुसरा पाहिलेला नाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी मानवतकडचे एक गृहस्थ आठवीतल्या लेकीला घेऊन आले. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तशी तिला मिळाली होती. सायकल आली, हेल्मेट नाही. शाळेच्या वाटेचा काही भाग ६१ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावरून, आणि उसाचा हंगाम सुरू. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेजारून गेला की सायकल कशी डगमगते, हे ज्यानं सोसलंय त्याला सांगायला नको.

"मोठंच द्या मालक," ते म्हणाले. "बारावीपर्यंत चाललं पाहिजे."

दुकानदारानं वाद घातला नाही. मोठं हेल्मेट काढलं, मुलीच्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाला, "बाळा, मानेनं नाही म्हण बरं." तिनं मान हलवली. मान डावीकडं गेली, उजवीकडं गेली. हेल्मेट होतं तिथंच समोर तोंड करून राहिलं. मुलगी हसली. वडील हसले नाहीत.

मग त्यानं गल्ल्यातून शिंप्याची टेप काढली. भुवयांच्या बोटभर वर, कानांच्या वरून, मागं डोक्याचा जो उंचवटा असतो त्यावरून टेप फिरवली. त्रेपन्न सेंटिमीटर. मघाचं हेल्मेट ५८ च्या पुढच्या डोक्यांसाठी होतं. घेराचा हा पाच-सहा सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याचा व्यास काढला तर पावणेदोन सेंटिमीटर भरतो. तेवढी पोकळी घेऊन पोरगी ट्रॉलीशेजारून जाणार.

मला या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची अर्धी घटका, कारण तिथं घाई करता येत नाही. लहान मापाचं हेल्मेट मागची चकरी पूर्ण सैल करून डोक्यावर ठेवायचं. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, आडवी, ताटासारखी सपाट. आपल्याकडं बहुतेकजण ते मागं ढकलून घालतात, कपाळ मोकळं ठेवून. फोटोत चेहरा दिसतो म्हणून असेल. पडताना बहुतेक वेळा कपाळ आणि कानशिलाचा भाग, म्हणजे हेल्मेटच्या कडेलगतचीच जागा, आधी आपटते. मागं सरकलेल्या हेल्मेटनं नेमकी तीच उघडी पडते. मग चकरी आवळायची. पट्टा अजून लावायचा नाही. मान हलवली की कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. सरकली, तर माप बरोबर.

इथं एक अडचण आली, जी कुठल्याच माहितीपत्रकात मी वाचलेली नाही. मुलीच्या दोन वेण्या वर दुमडून लाल रिबिनीनं कानांजवळ बांधलेल्या होत्या. हेल्मेटचे पुढचा आणि मागचा असे दोन पट्टे कानाच्या पाळीखाली एकत्र यायला हवेत; तिथंच रिबिनीची फुलं. पट्टा त्यांच्यावरून घेतला तर हेल्मेट वर उचललं जात होतं. वडील म्हणाले, "शाळेत वेण्या वर बांधाव्याच लागतात." शेवटी तोड मुलीनंच काढली. घरून वेण्या खाली सोडून निघायचं, शाळेत पोचल्यावर मैत्रीण रिबिनी बांधून देईल. स्कार्फचंही तसंच. तो घालायचाच असेल तर पातळ सुती घ्यावा, मागं जाड गाठ नको, आणि डोकं मोजायचं ते स्कार्फसकट. अंबाडा घातलेल्या बाईच्या डोक्यावर हेल्मेट कधी नीट बसत नाही. केस मानेवर खाली घ्यावे लागतात. पोकळी झाकायला आत जाड स्पंज चिकटवून देणारे दुकानदारही असतात. तो स्पंज गालिच्यासारखा मऊ, धक्क्यात क्षणात चपटा होतो. तो घाम आणि रुतणं यांच्यासाठी आहे, मारासाठी नाही.

मार घेतो तो थर्माकोल. दुकानात खिळ्याला एक जुनं हेल्मेट टांगलेलं आहे, करवतीनं उभं कापलेलं. येलदरीच्या वाटेवर पडलेल्या एका पोरानं ते फेविक्विकनं चिकटवून मागितलं होतं. दुकानदारानं त्याला नवं घ्यायला लावलं आणि जुनं कापून ठेवलं. वरचं प्लास्टिक जवळजवळ धड आहे. आत मात्र एका बाजूला थर्माकोल दबून निम्म्यावर आलाय. तो परत फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट संपलं. हिशेब सोपा आहे. दीड मीटरवरून पडलेलं डोकं ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर वेगानं रस्त्याला भिडतं. ते तीन मिलिमीटरात थांबलं तर धक्का गुरुत्वाकर्षणाच्या पाचशेपट होतो. दोन सेंटिमीटर थर्माकोल दाबत थांबलं तर पंचाहत्तरपटीच्या आसपास. सगळी करामत त्या दोन सेंटिमीटरांत आहे. सैल हेल्मेटातही थर्माकोल तितकाच चांगला असतो, फक्त तो जागेवर नसतो. सायकलवरून पडणारा माणूस बऱ्याचदा एकदाच आपटत नाही. आधी गाडीचं बॉनेट किंवा हँडल, मग रस्ता. पहिल्या धक्क्यात हेल्मेट फिरलं तर दुसऱ्याला डोकं उघडं.

अमेरिकेतल्या सिएटलमध्ये फ्रेडरिक रिव्हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अपघात झालेल्या सायकलस्वारांवर तपासलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांचं हेल्मेट नीट बसत नव्हतं त्यांना डोक्याला इजा होण्याचा धोका नीट बसणाऱ्यांच्या १.९६ पट निघाला. डोक्याला इजा झालेल्या मुलांची हेल्मेटं त्यांच्या डोक्यांपेक्षा जास्त रुंद होती. सगळ्यांनी हेल्मेट घातलेलंच होतं, हे ध्यानात घ्यावं.

युरोपच्या 'ईएन १०७८' या मानकात हेल्मेट सपाट पृष्ठभागावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं आपटतात. आतल्या नमुन्याच्या डोक्याला बसणारा धक्का २५०पटीच्या आत राहिला पाहिजे. शिवाय मागच्या कडेला आकडा अडकवून दहा किलोचं वजन साडेसतरा सेंटिमीटर खाली सोडतात. हेल्मेट डोक्यावरून निघून आलं की नापास. पण प्रयोगशाळेतलं ते डोकं मापाचं असतं आणि पट्टा आवळलेला असतो. आतला शिक्का तेवढ्यापुरताच बोलतो. दुकानदाराची चाचणी याचीच घरगुती नक्कल: पट्टा लावल्यावर मागच्या कडेखाली तळवा घालून पुढं लोटायचं, मग पुढच्या कडेखालून मागं. मुलीला "आ कर" म्हणाला. तोंड मोठं उघडलं की हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं गेलं पाहिजे. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा. आणि एक ताकीद दिली, ती मला फार पटली: हेल्मेट घालून झाडावर किंवा घसरगुंडीवर चढायचं नाही, पट्टा अडकून गळा आवळतो. लहान मुलांसाठीच्या 'ईएन १०८०' मानकात तर ताण आला की आपोआप सुटणारा पट्टा असतो, तो याचसाठी.

आपला कायदाही घट्ट बसण्याबद्दल मुका नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये पट्ट्यानं डोक्याला पक्कं बांधलेलं असेल तेच हेल्मेट, असं स्पष्टीकरणात म्हटलंय. म्हणजे पट्टा लोंबत असलेलं हेल्मेट कायद्याच्या दृष्टीनं हेल्मेटच नाही. कोपरात अडकवलेल्याची तर गोष्टच सोडा. १५ फेब्रुवारी २०२२ ला अधिसूचित झालेला आणि वर्षभरानं लागू झालेला नियम आणखी पुढं जातो: मोटारसायकलवर मागं बसणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या डोक्याला बसणारं हेल्मेट हवं, सायकलचं चालेल, अंगाला पट्टा हवा आणि वेग ताशी चाळीसच्या आत. गंगाखेडच्या रस्त्यावर बाजारच्या दिवशी उभं राहून बघा. ज्या थोड्या लेकरांच्या डोक्यावर हेल्मेट दिसतं, ते बापाचं असतं.

मुलीचं काम झालं. "हलायलंय का?" दुकानदारानं विचारलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं, आणि या वेळी हेल्मेटनंही म्हटलं. चकरीत अजून थोडी जागा होती. दोन वर्षं तरी जातील, मग परत मोजू, असं ठरलं. वडिलांनी आरशाला अडकवलेलं आपलं मोटारसायकलचं हेल्मेट काढून डोक्यावर ठेवलं. क्लिप तुटलेली, पट्ट्याला गाठ. दुकानदारानं सवयीनं मागच्या कडेखाली हात घातला आणि लोटलं. ते सरळ त्यांच्या नाकावर आलं.

"याची क्लिप आपल्याकडं मिळत नाही," तो म्हणाला. "अन् हे तुमच्या मापाचंही नाही. नवं घ्या, डोकं मोजून."

"आधी हिचे किती झाले ते सांगा," वडील पाकीट काढत म्हणाले. "माझं पुढच्या बाजारी बघू."