हिरण्यकेशीचा मासा, बोरीच्या काठावरून

ऑक्टोबर 2020 मध्ये ‘ॲक्वा’ या मत्स्यशास्त्राच्या नियतकालिकात एका नव्या माशाचं वर्णन आलं: शिस्टुरा हिरण्यकेशी. वर्णन करणारे जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यन. मासा बोटाहून लहान, रंगीत, अंगावर पट्टे. मिळाला सिंधुदुर्गात, आंबोलीला. हिरण्यकेशी नदी गुहेतून बाहेर येते तिथल्या मंदिराच्या कुंडात.

गुहेतले मासे म्हटले की आंधळे मासे आठवतात. क्यूबाच्या गुहांतले असे मासे फेलिपे पोए यांनी 1858 मध्येच जगापुढे आणले होते. केरळात विहिरीच्या पाण्यातून होराग्लॅनिस कृष्णाई हा आंधळा मासा 1950 मध्ये नोंदला गेला. आंबोलीचा मासा तसा नाही. त्याचे डोळे शाबूत आहेत, तो गुहेच्या तोंडाशी उजेडात राहतो. भाविकांची ये-जा असलेल्या कुंडात तो 2020 पर्यंत बिननावाचा राहिला, याचं मला फार वाटतं. ज्याला बाजारात भाव नाही, त्या माशाकडे आपण पाहतच नाही.

पुढचं मात्र लवकर घडलं. 2021 मध्ये राज्य सरकारने जैविक विविधता कायद्याखाली या जागेला जैविक वारसा स्थळ जाहीर केलं. क्षेत्र अवघं 2.11 हेक्टर. एका माशासाठी पाण्याचा उगमच जपायचा, हा निर्णय मला मोलाचा वाटतो, कारण कुंड बिघडलं तर नुसता कागदावरचा मासा उरेल.

हिरण्यकेशी पुढे घटप्रभेला आणि तिच्यातून कृष्णेला मिळते. आमच्या नळदुर्गची बोरी नदीही भीमेतून कृष्णेतच जाते. भीमेच्याच खोऱ्यातल्या पुण्याहून फ्रान्सिस डे यांनी 1872 मध्ये अशाच एका तळाशी राहणाऱ्या चिमुकल्या माशाला एव्हेझार्डी हे नाव दिलं. बस्तरच्या कोटमसर गुहेतल्या फिकट, बारीक डोळ्यांच्या माशालाही अभ्यासक कितीतरी वर्षं त्याच नावाने ओळखत आले. मग आमच्या बोरीत काय आहे? नळदुर्ग किल्ल्यातला 1613 चा बंधारा आणि पाणी महाल सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहायला गर्दी होते. बंधाऱ्याखालच्या गोट्यांमध्ये कोण राहतं, ते क्वचितच कुणी विचारतं. आंबोलीचं कुंड ज्याने जपलं त्याच जैविक विविधता कायद्यात स्थानिक लोकांनी तयार करायच्या जैवविविधता नोंदवहीची तरतूद आहे. पावसाळा सरून पाणी निवळलं की कॉलेजची पोरं आणि भोई मंडळींना सोबत घेऊन नळदुर्गच्या नोंदवहीत बोरीचे मासे, अगदी खायला न येणारेसुद्धा, लिहून घ्यायला हवेत.