पाटोदेकरांनो, टेबल टेनिस खेळून बघा!

या खेळाला मैदान लागत नाही, पावसाची अडचण नाही. टेबल 2.74 मीटर लांब, 1.525 मीटर रुंद, मध्ये 15.25 सेंटिमीटर उंच जाळी. चेंडूचं वजन फक्त 2.7 ग्रॅम! म्हणून उन्हाळ्यातसुद्धा खेळताना पंखा बंद, नाहीतर चेंडू भरकटलाच समजा.

नियम सोपे आहेत. 11 गुणांचा गेम, दोन-दोन सर्व्हिस आळीपाळीने. 10-10 झाले की एकेक सर्व्हिस, आणि दोन गुणांची आघाडी घेईल तो जिंकला. सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावरून किमान 16 सेंटिमीटर सरळ वर उडवायचा.

खरी गंमत फिरकीत आहे. बॅटचं रबर चेंडू घासून फिरवतं. वरून फिरवला तर टप्प्यानंतर पुढे झेपावतो, खालून कापला तर समोरच्याच्या बॅटवरून जाळीत जातो.

1952 ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली होती. जपानचे हिरोजी सातो स्पंजची बॅट घेऊन आले आणि विजेतेपद घेऊन गेले. तिथून या खेळाचा वेगच बदलला. मुंबईचेच कमलेश मेहता पुढे आठ वेळा राष्ट्रीय विजेते झाले.

सुरुवातीला महागडी बॅट नको. घरच्या भिंतीवर चेंडू मारत हात बसवा. शाळेत किंवा ओळखीत कुठे टेबल असेल तर कमेंटमध्ये सांगा, जमूया!