पाडव्याच्या रात्री दिसलं ते काय होतं?

चामोर्शीकडच्या गप्पांत हा विषय अजून निघतो, म्हणून आजचा भाग त्यावरच.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळत्या रेघा सरकत गेल्या. आपल्या दोन जिल्ह्यांतच नाही, मध्य प्रदेश-गुजरातपर्यंत लोकांनी त्या पाहिल्या. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं. आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी रिंग पडली, साधारण तीन मीटर व्यासाची. इथून सरळ रेषेत चाळीस-पन्नास किलोमीटरवर! कुणाला लागलं नाही, हे नशीबच. नंतर आसपास धातूचे गोळेही सापडले.

आता, उल्का नाही हे ओळखायचं कसं? घड्याळावरून. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं येते; बहुतेकदा "ते बघ" म्हणेपर्यंत संपते. कक्षेतून पडणाऱ्या रॉकेटचा वेग साधारण ८, आणि ते तिरकं, जवळजवळ आडवं येतं. म्हणून ते मिनिटभरसुद्धा दिसतं, आणि त्याचे तुकडे एकामागे एक, एकाच दिशेनं चालतात. मोबाईलवरच्या व्हिडिओंत नेमकं हेच होतं. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हे फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा असावा, असं सांगितलं.

दुर्बीण नसली तरी चालते. माझ्या मते आपल्यासारख्या हौशी माणसाची खरी कामाची गोष्ट म्हणजे नोंद. वेळ सेकंदापर्यंत लिहा. कोणत्या ताऱ्याजवळून गेलं ते लिहा. पाडव्याला त्या वेळी मृग पश्चिमेला होता. हात लांब करून मूठ धरली की ती दहा अंश झाकते, तेवढ्यानं उंची मोजा. चामोर्शीची आणि चंद्रपूरची नोंद जुळवली तर दोन दिशांवरून वस्तूची उंची काढता येते. एकट्याच्या "लई मोठं होतं"वरून काहीच निघत नाही.

आणि शेतात असला गोळा दिसला तर हात लावू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. रॉकेटच्या टाकीत हायड्रॅझिन हे विषारी इंधन उरलेलं असू शकतं. मुलांना दूर ठेवा, पोलीस पाटलांना सांगा.