हवामानबदल आणि आपली अरण्ये

हवामानबदलाने अरण्यांची हानी होते, हे आता सर्वश्रुत आहे. परंतु सर्व अरण्यांस एकाच प्रकारचा धोका आहे, ही समजूत बरोबर नाही. ज्वारीस मानवणारे हवापाणी भातास मानवत नाही. अरण्यांचेही तसेच आहे. बेळगावपासून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत जी अरण्ये आहेत, त्यांचाच येथे विचार करू.

मूळ कारण थोडक्यात असे. औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने पृथ्वीचे सरासरी तापमान १ अंश सेल्सिअसहून अधिक वाढले आहे. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो, आणि उघडीप पडली की जमिनीतील ओल लवकर शोषली जाते.

पहिला प्रकार चोर्ला, भीमगड या बाजूच्या सदाहरित रानांचा. धान्य नीट वाळविले म्हणजे टिकते, हा आमच्या व्यापाराचा पायाच होय. या रानांतील पुष्कळ वृक्षांच्या बिया नेमक्या उलट असतात. त्या वाळल्या की मरतात. जांभळाची बी हे त्याचे ओळखीचे उदाहरण. पावसाळ्याच्या तोंडी पडलेल्या अशा बियांस लवकर ओल मिळाली नाही, तर त्या वर्षीचे पीक फुकट जाते. जुने वृक्ष उभे असल्याने रान हिरवेगार दिसते; पण खाली त्यांची जागा घेणारी रोपे राहत नाहीत.

दुसरा प्रकार विरळा आहे. गोव्यातील सत्तरी तालुक्यात बांबर येथे ‘निरंकाराची राय’ नावाची देवराई आहे. तेथे जायफळाच्या कुळातील रानवृक्ष गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढतात. हे पाणी उन्हाळ्यात आटू लागले, तर या वृक्षांस दुसरी जागा नाही.

तिसरा प्रकार साग, ऐन यांच्या पानझडी रानांचा. सागाची बी चिवट असते. येथे भय वणव्याचे. उन्हाळा तापला की पाचोळा लवकर वाळतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यातील अनेक रानांत वणवे पेटले होते. बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. उष्ण, कोरडी हवा त्यांस पसरविते. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत रान तोडणे, कोळसा पाडणे व रानास आग लावणे यांची गणना पूर्वाचार्यांनी केली आहे, हे येथे स्मरणीय आहे.

चौथा प्रकार मांडवीकाठच्या चोडण बेटासारख्या ठिकाणच्या खारफुटीचा. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. खारफुटी गाळ धरून आपली जमीन उंचावते, अथवा मागे सरते. पाणी त्याहून वेगाने चढले आणि मागे बांध वा रस्ता असला, तर ती बुडते.

याचा आपल्या पेढीशी काय संबंध, असे कोणी विचारील. मलप्रभा व म्हादई या दोन्ही नद्या खानापूर तालुक्यातील रानांत उगम पावतात. मलप्रभेच्या पाण्यावर पिकणारे धान्यच आपल्या गोदामांत येते. रान विरळ झाले की पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते, आणि उन्हाळ्यात झरे आटतात.

म्हणून सभासदांस आमची विनंती एवढीच की, वृक्षारोपणासाठी देणगी देताना तेथे कोणती झाडे लावणार हे अवश्य विचारावे. ओल्या भागात तेथलीच झाडे लावावीत, एकाच जातीच्या रांगा नकोत. घरी जांभळे खाल्ली, तर बिया धुऊन त्याच आठवड्यात पेराव्यात. हा माल साठवणुकीचा नव्हे.